शेततळ्याचा कागद उन्हानं पावडर व्हायला लागलाय, माशांना काय होईल?

डाळिंबवाली

मंडळी, नमस्कार. तालुका आटपाडी, जिल्हा सांगली. तीन एकर डाळिंब आणि तीस बाय तीस बाय तीन मीटरचं शेततळं. पाणी मुरू नये म्हणून अंथरतात तो प्लास्टिकचा कागद २०१७ साली टाकला. दुकानदारानं "वीस वर्षं बघायला नको" असं सांगून दिला होता. आता त्याला विचारायला गेलं तर तो म्हणतो, मी तसं कधी बोललोच नाही.

दरवर्षी मे महिन्यात पाणी निम्म्याखाली जातं आणि उतारावरचा कागद उघडा पडतो. या वर्षी त्यावरून हात फिरवला तर तळवा राखाडी झाला, फळा पुसल्यावर होतो तसा. कुठेकुठे वरचा पापुद्रा सुटलाय आणि आत ताडपत्रीसारखी वीण दिसते. चपटे चपटे धागे निघतात, चिमटीत धरले की मोडतात. आणखी एक गंमत म्हणजे उत्तरेकडच्या बांधाचा उतार सगळ्यात खराब आणि दक्षिणेकडचा अजून बऱ्यापैकी नवा दिसतो. आमचे हे म्हणतात, ठेकेदारानं तिकडं दुसरा माल घातला. मी कागद टाकताना सकाळपासून तिथं उभी होते, एकाच गठ्ठ्यातला होता.

तळ्यात मासे आहेत. गेल्या ऑगस्टात दीड हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं सोडली. कटला, रोहू, मृगळ. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा खायला घालते. खताच्या रिकाम्या पोत्याला भोकं पाडायची, त्यात खाद्य भरायचं आणि बांबूला बांधून पाण्यात सोडायचं, असं आमच्याकडं सगळेच करतात.

मागच्या आठवड्यात तीन दिवस नुसतं ढग. चौथ्या दिवशी पहाटे तळ्यावर गेले तर ३७ मासे पांढरं पोट वर करून. जास्त करून कटला, तोही मोठा मोठा. धाकट्या दिरानं जाहीर केलं की कागदाची पावडर कल्ल्यात बसून मेले. तेव्हापासून सासूबाई घरात मासा शिजवू देईनात. आणि गावातल्या तिघांनी सांगितलेली मासळी रद्द केली.

मला एवढंच विचारायचंय, उन्हानं असा फुटलेला कागद पाण्यात पडला तर माशाला खरंच काही होतं का? की नुसतं खाऊन टाकून देतो? आणि आम्ही खावा का तो? "प्लास्टिक वाईटच असतं" एवढं सांगायला कुणी येऊ नका, तेवढं मला कळतं.

जाताजाता, दरवर्षी मेमध्ये उघडा उतार आम्ही खराट्यानं खसाखसा घासून शेवाळ काढतो. आणि तळ्यात कुणी पडलं तर धरायला एक जुना टायर दोरानं बांधून सोडलेला आहे. यातलं काही कामाचं असेल तर म्हणून लिहिलं.

मत्स्य_मास्तर

ताई, आधी तुमचे ३७ मासे. ते कागदानं मेलेले नाहीत असं मी तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून सांगतो. तीन दिवस ढग, चौथ्या दिवशी पहाट, पाणी निम्म्यावर, मोठे कटले आधी गेले. ही ऑक्सिजन संपल्याची गोष्ट आहे. पाण्यातलं हिरवं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच ऑक्सिजन घेतं. ढग असले की दिवसाची कमाई होत नाही, खर्च मात्र चालूच. सगळ्यात कमी ऑक्सिजन पहाटे चार ते सहाच्या दरम्यान असतो. त्यात ३० अंश तापलेल्या पाण्यात मुळातच लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, आणि कटला-रोहूसारख्या कार्प माशाला निदान चार-पाच तरी लागतोच. आदल्या दिवशी पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते का, ते आठवून बघा. ढग असतील तेव्हा खाद्य बंद ठेवा आणि पहाटे मोटर लावून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पाडा. कागदाचा विचार नंतर, हे आजपासून करा.

आता कागद. मी रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो, पुढे तीस वर्षं मत्स्यबीज केंद्रांवर काढली. आमच्या वेळी हा विषयच नव्हता. 'मायक्रोप्लास्टिक' हा शब्द सगळीकडे रूढ झाला तोच २००४ मध्ये, इंग्लंडमधल्या प्लिमथच्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या लेखानंतर. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा तो मायक्रोप्लास्टिक, असं आता सगळे धरतात. तुमच्या तळव्याला लागली ती त्यातलीही बारीक पूड.

प्लास्टिकच्या कणानं मासा रातोरात मरत नाही. त्याचं नुकसान हळू आणि आतून होतं. पोटात नुसता भराव झाला की भूक मंदावते, वाढ खुंटते. आतड्याचं अस्तर खरवडलं जातं, त्याला सूज येते. यकृतावर ताण येतो. २०१३ साली कॅलिफोर्नियात चेल्सी रॉचमन आणि सहकाऱ्यांनी मेडाका नावाच्या छोट्या माशाला दोन महिने पॉलिथिलीन, म्हणजे तुमचा कागद ज्याचा असतो तेच प्लास्टिक, खाऊ घातलं. एका गटाला कोरं आणि दुसऱ्याला तीन महिने सॅन दिएगोच्या खाडीत बुडवून ठेवलेलं. यकृतावर परिणाम दोन्हीकडे दिसला, पण खाडीत मुरलेल्या प्लास्टिकवाल्या गटात जास्त. म्हणजे प्लास्टिक जुनं झालं की त्याचा उपद्रव कमी होत नाही. ऊन खाल्लेल्या कणाचा पृष्ठभाग खडबडीत होतो, त्याची रासायनिक जात बदलते. मग पाण्यातले धातू, कीटकनाशकांचे अंश, जंतूंचा बुळबुळीत थर, सगळं त्याला सहज चिकटतं. तुमच्या तळ्याशेजारी डाळिंब आहे, फवारणी होत असणार. तेवढं लक्षात असू द्या.

पण उलट बाजूही सांगतो. असे बरेचसे प्रयोग काचेच्या टाकीत होतात, आणि प्लास्टिकचं प्रमाण तळ्यात किंवा नदीत असतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त ठेवून होतात. मोठ्या माशाच्या पोटातून बरेचसे कण विष्ठेबरोबर निघून जातात. खरी काळजी लहान बोटुकलीची.

तीन जातींना धोकाही सारखा नाही. कटला वरच्या थरातला, पाणी कल्ल्यांच्या चाळणीतून गाळून सूक्ष्म प्राणी खातो. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलकं, तेही वरच तरंगणार. म्हणजे पूड आणि कटला एकाच मजल्यावर राहतात. पुढे त्या कणांवर शेवाळ चढून ते जड झाले की खाली बसतात आणि मग मृगळाच्या वाट्याला येतात.

खायचं म्हणाल तर आपण या माशांचं पोट साफ करून खातो, आणि बहुतेक कण आतड्यातच असतात. अतिसूक्ष्म कण आतड्याच्या भिंतीतून पुढे जाऊ शकतात, हे प्रयोगशाळेत दिसलंय. पण तुमच्या कटल्याच्या तुकडीपेक्षा मला जवळा आणि कालवांची जास्त चिंता आहे, कारण ती आपण पोटासकट खातो. मी स्वतः तुमचा मासा खाईन. सासूबाईंना माझं नाव सांगू नका, त्यांचा तुमच्यावर राग जायचा तो माझ्यावर येईल.

नवा_विद्यार्थी

मास्तर, तुम्ही फार सौम्य बोलताय. 'सायन्स' या शोधपत्रिकेत २०१६ ला पेपर आलाय की माशांची पिल्लं खरं अन्न सोडून मुद्दाम प्लास्टिक खातात, मोठ्या मुलांना वडापावची चटक लागते तशी. वाढ खुंटते, शत्रू आला तरी पळत नाहीत. हे सगळं सिद्ध झालेलं आहे.

मत्स्य_मास्तर

बाळा, तो पेपर स्वीडनमधल्या उप्सला विद्यापीठातल्या दोघांचा, पर्च माशाच्या पिल्लांवरचा. जगभर गाजला. आणि २०१७ मध्ये सायन्सनं तो मागे घेतला. मूळ आकडेवारी दाखवता आली नाही, चौकशीत गैरप्रकार ठरला. चटकेची गोष्ट मात्र अजून फिरतेच आहे. शोधपत्र वाचलं की ते अजून उभं आहे का, हे बघायची सवय लावून घे. रागानं नाही सांगत, मीही तो एका व्याख्यानात सांगून बसलोय.

दाणा_ते_फिल्म

मी प्लास्टिक फिल्म बनवणाऱ्या कारखान्यात बावीस वर्षं आहे, आता पुण्याजवळ. ताई, तुमचे मिस्टर चुकले आणि ठेकेदार या एका बाबतीत निर्दोष आहे. उत्तर बांधाचा आतला उतार दक्षिणेकडे तोंड करून असतो. तुमच्याकडे डिसेंबरात दुपारी सूर्य क्षितिजापासून पन्नास अंशांच्या आसपास असतो. तळ्याचा उतार एकास एक, म्हणजे ४५ अंशांचा धरला तर त्या उतारावर ऊन जवळजवळ काटकोनात आपटतं आणि समोरच्या दक्षिण बांधाच्या उताराला नुसतं चाटून जातं. त्या फरकाची आठ वर्षांची बेरीज तुम्ही हातानं मोजलीत.

ऊन काय करतं ते सांगतो. पॉलिथिलीन म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्या साखळ्या जागोजाग तोडतात. लांब साखळी असते तोवर कागद वाकतो, ताणतो. तुकडे झाले की तो वाळलेल्या पापडासारखा होतो, मग बारीक तडा, मग पूड. उष्णता या कामाला जोर देते. भर मे महिन्यात कोरड्या काळ्या कागदावर अनवाणी उभं राहून बघा, नको, बघू नका. तोच कागद हिरव्या पाण्याखाली गार असतो आणि अतिनील किरण तिथवर फारसे पोचत नाहीत. म्हणून तळ्याचा तळ आणि खालचा उतार तुम्हाला बहुधा धडधाकट मिळेल. खराब होतो तो काठाचा पट्टा.

हे टाळण्यासाठी चांगल्या कागदात दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक असतो, म्हणजे शुद्ध काजळी. ती किरण शोषून घेते. शिवाय उन्हाला रोखणारी आणि ऑक्सिजनला अडवणारी रसायनं घालतात, ती हळूहळू खर्च होतात. संपली की कागद उघडा पडतो. रिसायकल केलेल्या प्लास्टिकच्या दाण्यात ती आधीच अर्धी संपलेली असतात, आणि बाजारात काय काय मिसळलं जातं त्यावर मी इथे बोलत नाही, अजून नोकरी आहे. तुम्ही सांगताय तो विणलेल्या पट्ट्यांवर दोन्हीकडून पातळ थर चढवलेला कागद आहे. कडेला आयएस १५३५१ असा शिक्का आहे का बघा, ते या कागदाचं भारतीय मानक. वरचा थर गेला की आतल्या पट्ट्या फुटायला वेळ लागत नाही.

आता थोडं गणित. तळ्याचा घेर १२० मीटर. उताराचा वरचा एक मीटर पट्टा धरला तर १२० चौरस मीटर. ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड कागद चौरस मीटरला ४७० ग्रॅम भरतो. म्हणजे त्या पट्ट्यात ५६ किलो प्लास्टिक. त्यातला शंभरावा भाग जरी पूड होऊन सुटला तरी अर्धा किलोच्या वर. दहा कण मिळून एक मिलिमीटर होईल एवढा एकेक कण धरा, तर साठ कोटी कण होतात. तुमचं तळं काठोकाठ भरलं तर २२ लाख लिटर. लिटरमागे २७० कण. हा अंदाज आहे, मोजमाप नाही. पण खराट्यानं घासलंत की तो शंभरावा भाग एका सकाळीत पाण्यात जातो. शेवाळ काढायला तुम्ही पूड पाडताय. घासणं बंद करा.

आणि ताई, तुम्ही कागदाकडे बघत बसलात, पण मला तुमच्या पोत्याची धास्ती वाटते. खताचं पोतं बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं, म्हणजे दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकचं. त्याच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बनला एक फांदी असते, आणि ऊन नेमकं त्याच सांध्यावर घाव घालतं. म्हणून ते पॉलिथिलीनपेक्षा लवकर फुटतं. त्यात खताचं पोतं हे गोदामात राहून एकदा वापरून फेकायचं, त्यात उन्हाचं औषध असलंच तर बेताचं असणार. बांधावर पडलेलं जुनं पोतं उचलायला गेलं की हातात त्याचा भुगा येतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. तेच पोतं तुम्ही निम्मं पाण्यात आणि निम्मं उन्हात टांगून ठेवता, आणि मासे त्याच्या भोकांना तोंड लावून ओढतात. कागदाची पूड २२ लाख लिटरमध्ये पांगते. पोत्याचे धागे थेट घासाबरोबर जातात.

खारं_पाणी

देवगड. आमच्याकडे याचंच मोठं रूप आहे. वाळूवर पडलेल्या निळ्या-हिरव्या दोरांचे तुकडे उन्हाळ्यात हातात घेतले की फुस्स. समुद्रात तरंगणाऱ्या दोराला पाणी गार ठेवतं, त्याच्यावर शेवाळ चढतं, तो वर्षानुवर्षं तसाच. वाळूवरचा मात्र एका-दोन उन्हाळ्यांत भुगा. पुळण म्हणजे प्लास्टिकची गिरणी आहे, भरती येते आणि पीठ घेऊन जाते. थर्माकोल त्याहून वाईट, आधी पिवळा पडतो, मग वरून पावडर सुटते. आमचे आजोबा काथ्याचा दोर वापरायचे असं म्हटलं की पोरं हसतात. मी पण नायलॉनच वापरतो, काथ्यानं आजची जाळी पेलणार नाहीत. फक्त फुटका दोर आता वाळूवर टाकत नाही, घरी आणून पोत्यात भरून ठेवतो. आता पोत्याबद्दल हे वाचलं. पोतं सावलीत नेतो.

पावसाळी_सिॲटल

ताई, टायरबद्दल. मी मूळची मिरजेची, बारा वर्षं सिॲटलला आहे. इथे शरद ऋतूत कोहो जातीचे सामन मासे समुद्रातून शहरातल्या ओढ्यांमध्ये अंडी घालायला परत येतात. लाँगफेलो नावाच्या ओढ्यावर आम्ही शनिवारी मासे मोजायला जायचो. पहिला मोठा पाऊस झाला की मासे तोंड उघडत, गोल गोल फिरत, काही तासांत मरायचे. पोट फाडलं की अंडी तशीच्या तशी. काही वर्षी निम्म्याहून जास्त माद्या अशाच जायच्या. कारण कळायला वीसेक वर्षं लागली. २०२० च्या डिसेंबरात उत्तर आलं. टायर तडकू नये म्हणून रबरात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग होऊन दुसरंच रसायन तयार होतं, ते पावसाबरोबर रस्त्यावरून ओढ्यात येतं. लिटरमध्ये एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असलं तरी कोहो मरतो.

हे ओझोनचं काम, उन्हाचं नव्हे, पण मुद्दा तुमच्या प्रश्नाच्या जवळचा आहे. मारणारा पदार्थ मूळ टायरात नव्हताच, तो हवेत राहून राहून तयार झाला. उन्हानंही प्लास्टिकमधून असंच काहीतरी नवं पाण्यात उतरतं. २०२१ मध्ये इथल्या वुड्स होल या समुद्र-संशोधन संस्थेच्या लोकांनी दुकानातल्या साध्या पिशव्यांवर कृत्रिम ऊन पाडलं, तर पाण्यात हजारो वेगवेगळी विरघळणारी संयुगं सापडली. ती फडक्यातून गाळता येत नाहीत.

घाबरवत नाहीये. त्याच ओढ्यात येणारा चम सामन या टायरच्या विषानं मरत नाही, म्हणजे एका जातीवरून दुसरीचं ठरवता येत नाही. तुमचा एक स्थिर टायर आणि हजारो गाड्यांचे झिजणारे टायर यातही फरक आहेच. तरी मी असते तर टायर काढून कोरडे भोपळे किंवा लाकडी ओंडका बांधला असता. दोर मात्र काढू नका. शेततळ्यात बुडून माणसं जातात, त्यापुढे बाकी सगळं नंतर.

डाळिंबवाली

सगळ्यांचे आभार. वाचून दोन दिवस गप्पच बसले.

मास्तर, आदल्या पहाटे मासे तोंड वर काढत होते. मी पाहिलं होतं आणि मला वाटलं, खायला मागतायत. म्हणून दोन घमेली जास्तीची पेंड टाकली. आता हे लिहितानाही कसंतरी होतंय.

दादा, खराटा बंद. पण पोत्याचं मला पटेना. म्हटलं बघूया तरी. मास्तर, माशांची पोटं उघडून बघायची म्हणते, कशी बघू?

मत्स्य_मास्तर

पाचेक मासे घ्या. आतडं पूर्ण काढा, रोहूचं फार लांब असतं, तुटू देऊ नका. स्टीलच्या ताटात चिरून आतला ऐवज स्वच्छ पाण्यानं धुवा आणि सुती फडक्यातून गाळा. जुनं पातळ चालेल, पण सुतीच. नायलॉनच्या साडीतून गाळलंत तर साडीचेच धागे मोजाल. संशयित तुकड्याला तापवलेल्या सुईचं टोक लावा. प्लास्टिक असेल तर वितळून गोळा होतं किंवा आक्रसतं. पेंडीचा किंवा गवताचा तंतू करपतो, वितळत नाही. दिसतील ते डोळ्यांना दिसण्याएवढेच. त्याखालच्यांसाठी प्रयोगशाळा लागते.

डाळिंबवाली

केलं. रविवारी तीन कटले, एक रोहू, एक मृगळ. मागच्या अंगणात बसले, शेजारी चूल आणि सुई. धाकटे दीर मोबाईलचा उजेड धरून उभे होते, सासूबाई उंबऱ्यात बसून नाक दाबून बघत होत्या.

दोन कटल्यांच्या पोटात पांढरे चपटे धागे निघाले. एकात तीन, एकात पाच. सुई लावली की टचकन गोळा. रोहूच्या पोटात एक. मृगळाच्या पोटात एक काळी चपटी खपली निघाली, बारीक, तीही वितळली. ती कागदाची असणार. तिसऱ्या कटल्यात काही नाही. म्हणजे पांढरे नऊ आणि काळी एक. पोतं पांढरं आहे. दीर काही बोलले नाहीत, सरळ तळ्यावर जाऊन पोतं सोडून आणलं. आणताना त्याचा खालचा भाग त्यांच्या हातातच राहिला.

आता खाद्याचे घट्ट गोळे करून बांबूच्या बुट्टीत ठेवते आणि बुट्टी दोरानं बुडवते. पहिले दोन दिवस मासे बिचकले, तिसऱ्या दिवशी बुट्टी रिकामी. शिवाय पेंड कमी लागते असं वाटतंय. पोत्यातली बरीच नुसती पाण्यात विरघळून जात असणार आणि तेच शेवाळाला खत.

कागदावर शिक्का शोधला. कडेला काहीतरी छापल्यासारखं आहे, पण उन्हानं तेही गेलंय. मासे विकून झाले की वरचा दीड मीटरचा पट्टा कापून नवा कागद जोडून घ्यायचा आणि त्यावर गोणपाट अंथरायचं असं ठरतंय. जोडणारा वेल्डिंगवाला म्हणतो, जुन्याला नवा नीट चिकटणार नाही. दादा, यावर काय करायचं ते सांगा.

दाणा_ते_फिल्म

वेल्डिंगवाला बरोबर बोलतोय. पूड सुटलेल्या भागाला जोड धरत नाही. पाण्याखाली राहिलेला, वाकवला तर न तडकणारा भाग सापडेपर्यंत खाली कापा, तिथं सांधा द्या. सांधा धुऊन, पूर्ण कोरडा करून मगच. दीड मीटर हे आधी ठरवू नका, कागद वाकवून ठरवा. उत्तरेला दोन लागेल, दक्षिणेला कदाचित अर्धाच. गोणपाट उत्तम, दोन-तीन वर्षांत कुजेल, मग नवं टाका. हिरवी शेडनेट मात्र अंथरू नका, तेही प्लास्टिकच. कापलेला जुना कागद बांधावर पेटवू नका आणि तिथं पडूही देऊ नका. कापल्या कापल्या गुंडाळून सावलीत ठेवा, नाहीतर पहिल्या वळवाच्या पावसात सगळा भुगा परत तळ्यात.

डाळिंबवाली

बरं. गोठ्याच्या माळ्यावर जागा आहे.

मास्तर, तुमचं नाव न सांगता सांगितलं. त्या पाचातला एक कटला काल शिजला. सगळ्यांनी खाल्ला. सासूबाईंनी रस्सा कसा झालाय ते दोनदा विचारलं आणि स्वतः पिठलं-भाकरी खाल्ली.